पिवळ्या पानाचे कारण : कुंडीतील रोपांची उपासमार आणि तिचे निवारण

निवासी शाळेच्या व्हरांड्यात कुंड्या असतात, तशा त्या आता आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या पुण्या-मुंबईतील सदनिकांच्या गॅलरीत असतात आणि वसमत, कळमनुरी, सेनगावकडील पालकांच्या ओट्यावरही असतात. कुठे तेलाच्या डब्यात मनी प्लांट असतो, कुठे सिमेंटच्या कुंडीत जास्वंद किंवा मोगरा, तर कुठे विहारातून आणलेले पिंपळाचे रोप. ही रोपे पहिले वर्षभर जोमाने वाढतात. नंतर पाने पिवळी पडू लागतात, कळ्या गळतात, वाढ खुंटते. घरातील माणसे पाणी वाढवतात, जागा बदलतात, कोणी सांगेल ते खत घालतात आणि बहुतेक वेळा रोप गमावतात. वास्तविक पान पिवळे पडणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. त्यामागील कारण शोधता येते, आणि कारण सापडले की उपायही बहुधा स्वस्त व सोपा असतो. हे कारण कसे शोधावे, विशेषतः आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या मातीत आणि पाण्यात ते कसे शोधावे, याची मांडणी या लेखात केली आहे.

तथागतांनी सांगितलेल्या चार आर्यसत्यांचा क्रम वैद्यकीय निदानासारखा आहे. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण दूर होऊ शकते आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे. रोपाकडे पाहतानाही हाच क्रम उपयोगी पडतो. लक्षण दिसताच थेट उपायाकडे धाव घेणारा मनुष्य दुसरी पायरी वगळतो आणि तिथेच त्याची फसगत होते.

कुंडी : एक मर्यादित जग

शेतातील झाडाला अन्न कमी पडले, तर ते आपली मुळे दूरवर पाठवते. कुंडीतील झाडाला ही सोय नाही. त्याचे सारे जग म्हणजे सात-आठ किलो माती. पाणी घालताना प्रत्येक वेळी तळाच्या छिद्रातून थोडे पाणी वाहून जाते आणि त्याबरोबर विरघळलेली अन्नद्रव्येही जातात. शेतात गळलेली पाने पुन्हा मातीत कुजतात. गॅलरीत आपण ती झाडून टाकतो. म्हणून कुंडीतील रोप पूर्णपणे आपल्यावर अवलंबून असते.

कुंडीतील रोपाचा इतिहास धम्माच्या इतिहासाशी जोडलेला आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाची कन्या थेरी संघमित्रा हिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची शाखा श्रीलंकेला नेली. ‘महावंस’ या ग्रंथातील वर्णनानुसार ही शाखा सुवर्णपात्रात रोवून समुद्रमार्गे नेण्यात आली. एका अर्थाने ते कुंडीतील रोपच होते. अनुराधापूर येथे लावलेला तो वृक्ष आजही जोपासला जातो, आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष अनुराधापुराहूनच आणलेल्या रोपातून वाढला आहे. त्या वृक्षाला टिकवले ते पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या माणसांनी. अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी औषधी वनस्पती, मुळे व फळझाडे लावल्याचे नोंदविले आहे. वनस्पतींची निगा हे राज्यकर्त्याचे कर्तव्य मानणारी ही परंपरा आपली आहे.

रोप नेमके काय खाते, हा प्रश्न मात्र फार काळ अनुत्तरित होता. बेल्जियमच्या भूमीतील यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट या अभ्यासकाने एक साधा प्रयोग केला. त्याने मातीच्या कुंडीत 200 पौंड सुकवलेली माती घेतली, त्यात 5 पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी दिले. पाच वर्षांनी झाडाचे वजन सुमारे 169 पौंड भरले. माती मात्र सुकवून तोलली तेव्हा केवळ 2 औंस, म्हणजे सुमारे 57 ग्रॅम, कमी झाली होती. 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, हा प्रयोग प्रसिद्ध झाला. झाड पाण्यापासूनच बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अपुरा होता, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्याला ठाऊक नव्हता. आणि जे दोन औंस त्याला नगण्य वाटले, त्यांतच आपल्या आजच्या विषयाचे सार आहे. मातीतून घेतलेले ते खनिज अन्न अत्यल्प असते, परंतु त्याच्यावाचून झाड जगत नाही.

सतरा अन्नद्रव्ये

वनस्पतींना सतरा मूलद्रव्ये आवश्यक असतात, असे आज मानले जाते. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन हवा व पाणी यांतून मिळतात. वनस्पतीच्या सुक्या वजनाचा सुमारे 95 टक्के भाग यांचाच असतो. उरलेली चौदा मुळांवाटे येतात. नत्र, स्फुरद आणि पालाश ही मुख्य अन्नद्रव्ये. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि गंधक ही दुय्यम. आणि लोह, जस्त, मंगल, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन व निकेल ही सूक्ष्म अन्नद्रव्ये. ‘दुय्यम’ आणि ‘सूक्ष्म’ हे शब्द प्रमाणापुरते आहेत, महत्त्वापुरते नाहीत.

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्प्रेंगल याने मांडलेला आणि युस्टुस फॉन लीबिग याने 1840 नंतर सर्वत्र पोचवलेला एक नियम येथे ध्यानात घ्यावा. झाडाची वाढ विपुल असलेल्या अन्नद्रव्यावर ठरत नाही. जे सर्वांत कमी आहे त्यावर ठरते. लाकडी पिंपाची एक फळी आखूड असेल, तर बाकीच्या फळ्या कितीही उंच असोत, पाणी त्या आखूड फळीपर्यंतच राहते. लोहाअभावी पिवळ्या पडलेल्या रोपाला युरिया घालत राहणे म्हणजे उंच फळ्या आणखी उंच करणे होय.

जुने पान की नवे पान?

कोणत्या अन्नद्रव्याची उणीव आहे, हे ओळखण्यासाठी पहिला प्रश्न एकच विचारावा : पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे, की शेंड्याकडील नव्या पानांवर?

यामागचे कारण समजून घेतले म्हणजे पाठांतराची गरज उरत नाही. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाच्या अंगात एका जागेहून दुसरीकडे जाऊ शकतात. तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतून ती काढून कोवळ्या पानांना देते. घरात धान्य कमी असताना आई स्वतः अर्धपोटी राहून लेकरांना वाढते, तसेच हे. म्हणून या द्रव्यांची उणीव प्रथम जुन्या पानांवर दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन ही द्रव्ये मात्र एकदा पानात बसली की तेथून सहसा हलत नाहीत. जस्त, मंगल, गंधक हीदेखील फारशी हलत नाहीत. त्यामुळे त्यांची उणीव नव्या पानांवर उमटते.

जुन्या पानांवरील लक्षणे अशी. संपूर्ण पान, शिरांसह, एकसारखे फिकट पिवळे होत असेल आणि रोपाची वाढ खुरटली असेल, तर नत्र कमी आहे. कुंडीतील ही सर्वांत सामान्य उणीव होय. पाने प्रमाणाबाहेर गर्द हिरवी, निस्तेज, काही वेळा जांभळट झाली आणि फुले येईनाशी झाली, तर स्फुरद कमी आहे. पानाची कड आणि टोक करपून तपकिरी होत असेल व मधला भाग हिरवा असेल, तर पालाश कमी असण्याचा संभव आहे. शिरा हिरव्या आणि शिरांमधील भाग पिवळा, हे चित्र जुन्या पानांवर दिसले, तर मॅग्नेशियमकडे बोट दाखवावे.

नव्या पानांवरील लक्षणे वेगळी. शिरा हिरव्या व त्यांमधील भाग पिवळा, असे जाळीदार चित्र शेंड्याच्या पानांवर दिसले, तर लोहाची कमतरता आहे. ती वाढली तर नवे पान जवळजवळ पांढरेच निघते. जास्वंद, अनंत, गुलाब, लिंबू आणि कढीपत्ता यांच्यावर हे चित्र हमखास पाहायला मिळते. नवी पाने अतिशय लहान, अरुंद, आणि दोन पानांमधील अंतर आखडून गुच्छासारखी झाली असतील, तर जस्त कमी आहे. शेंडाच वाळत असेल, तर बोरॉन किंवा कॅल्शियम. नवे पान शिरांसह एकसारखे फिकट होत असेल, तर गंधक.

मॅग्नेशियम व लोह यांच्या उणिवेचे चित्र सारखेच असते. फरक आहे तो केवळ पानाच्या वयाचा. म्हणून ‘जुने की नवे’ हा प्रश्न सोडू नये.

उसावर किंवा ज्वारीवर असा पिवळेपणा आला, की आपल्याकडील शेतकरी ‘केवडा पडला’ असे म्हणतात. केवड्याच्या पानासारखा फिकट रंग, हे त्यांचे निरीक्षण अचूक आहे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या हळदीच्या पानांवर पिवळेपणा आला, की जाणता शेतकरी हिराकसाची फवारणी करतो. जे ज्ञान बांधावर आहे, ते ओट्यावरील कुंडीपर्यंत आणणे एवढेच आपले काम आहे.

आपली काळी माती : असणे आणि मिळणे

आपल्या भागातील माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली आहे. ती पाणी धरून ठेवते, तिच्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाश बऱ्यापैकी असतात. नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय अंश मात्र तिच्यात कमी असतात. शिवाय तिच्यात चुनखडी असते, आणि त्यामुळे तिचा सामू सहसा 7.5 ते 8.5 एवढा, म्हणजे विम्लधर्मी असतो.

येथे एक विरोधाभास समोर येतो. बेसॉल्टमध्ये लोह विपुल असते. मग त्याच मातीत वाढणाऱ्या रोपाला लोह का मिळू नये? कारण विम्लधर्मी मातीत लोह अविद्राव्य रूपात अडकून पडते. सामू एका अंकाने वाढला, की विरघळलेल्या फेरिक लोहाचे प्रमाण सुमारे हजारपटीने घटते. म्हणून मृदा परीक्षणात मातीतील एकूण लोह पाहत नाहीत, तर झाडाला उपलब्ध होणारे लोह पाहतात. ते दर किलो मातीत 4.5 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर कमतरता मानतात. जस्तासाठी ही मर्यादा 0.6 मिलिग्रॅम आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या ठिकाणी महाडची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 4 ऑगस्ट 1923 रोजी संमत केला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. तळ्यात पाणी होते, कागदावर हक्कही होता. परंतु 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांसह तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेईपर्यंत ते पाणी आपल्या समाजाला मिळत नव्हते. एखादी गोष्ट असणे आणि ती मिळणे यांत केवढे अंतर असू शकते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. मातीत लोह आहे असे म्हणून जो थांबतो, त्याने झाडाचा प्रश्न सोडवलेला नसतो. अडथळा कोठे आहे, हे पाहावे लागते.

अडथळा वाढवण्यास आपले पाणीही हातभार लावते. बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षार कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढऱ्या पापुद्र्यासारखे साचतात आणि मातीचा सामू वर्षागणिक चढत जातो. पहिल्या वर्षी टवटवीत असलेली जास्वंद दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पिवळी का पडते, याचे उत्तर पुष्कळदा या पांढऱ्या थरात असते.

म्हणूनच शहरांतील पुस्तकांत वाचलेले सर्व उपाय आपल्याकडे जसेच्या तसे करू नयेत. चुलीची राख आणि चुना हे दोन्ही विम्लधर्मी आहेत. आपल्या मातीत ते घातल्यास लोह आणखी अडकते. अंड्याच्या टरफलांचा चुरा कुंडीत घालण्याची प्रथा सध्या फार पसरली आहे. परंतु आपल्या मातीत कॅल्शियमची उणीव क्वचितच असते आणि टरफले कुजायलाही दीर्घकाळ लागतो. त्याने फायदा होत नाही.

नजर आणि विटाळ

कारण ठाऊक नसले, की माणूस कोणाला तरी दोषी ठरवतो. बहरलेले झाड सुकले, की ‘नजर लागली’ असे म्हणून कुंडीला काळी बाहुली किंवा लिंबू-मिरची बांधली जाते. याहून अधिक दुःखद गोष्ट अशी, की मासिक पाळीच्या दिवसांत मुलीने झाडाला हात लावला किंवा पाणी घातले म्हणून झाड जळाले, असे आजही अनेक घरांत बोलले जाते. आपल्या समाजातील घरेही यातून पूर्णपणे सुटली आहेत, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मग ती मुलगी चार दिवस कुंड्यांपासून दूर राहते, आणि झाड तरीही पिवळे पडतच राहते, कारण लोह अडकलेले असते ते मातीत.

‘विटाळ’ या शब्दाने आपल्या पूर्वजांना पाणवठ्यापासून दूर ठेवले. तोच शब्द आपल्या मुलींच्या बाबतीत आपण वापरावा, याहून मोठी विसंगती कोणती? स्पर्शाने पान पिवळे पडत नाही. पानातील हरितद्रव्य तयार होण्यासाठी लोह लागते. ते मिळाले नाही, तर पान हिरवे होत नाही. जात, लिंग किंवा पाळीचा दिवस यांपैकी कशाचीही नोंद पानाच्या रसायनात नसते. एवढे जरी वाचकांनी आपल्या घरात ठामपणे सांगितले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी मानेन.

उपायापूर्वीची तपासणी

पाने पिवळी पडली, म्हणजे अन्नच कमी आहे असे नाही. खत देण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली, पाणी. घरातील रोपे तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक मरतात. माती सतत ओली राहिली, की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि मातीत अन्न असूनही ते घेऊ शकत नाहीत. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. कुंडीच्या तळाचे छिद्र बुजलेले नाही ना, तेही पाहावे. शेतातली निव्वळ काळी माती कुंडीत भरणे हे या त्रासाचे मोठे कारण आहे. ती ओली असता चिकट होते आणि सुकली की भेगाळते.

दुसरी, प्रकाश. अंधाऱ्या खोलीतील रोप फिकट व लांबट होते. त्याला खताने नव्हे, खिडकीजवळच्या जागेने बरे वाटते.

तिसरी, कीड आणि रोग. अन्नद्रव्याची उणीव सर्व रोपावर समान वयाच्या पानांत आणि पानाच्या दोन्ही अर्ध्या भागांत सारखी दिसते. ठिपके, चट्टे किंवा चिकटपणा एखाद्याच फांदीवर वा पानावर असेल, तर पान उलटून पाहावे. लाल कोळी, मावा किंवा कापसासारखा पिठ्या ढेकूण तेथे सापडेल.

चौथी, वय. तळाचे एखादे पान अधूनमधून पिवळे होऊन गळणे हे नैसर्गिक आहे. त्याची चिंता करू नये.

उपाय

सर्वांत मूलभूत उपाय म्हणजे कुंडीचे मिश्रण. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग वाळू वा कोकोपीट घ्यावे. त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. पावसाळ्याच्या आरंभी, दर दोन वर्षांनी, माती बदलावी आणि मुळांचा गुंतलेला जाळा थोडा छाटावा. सेंद्रिय खताने नत्र तर मिळतेच, शिवाय कुजताना त्यातून निघणारी सेंद्रिय आम्ले अडकलेले लोह व जस्त मोकळे करण्यास मदत करतात. मध्यम आकाराच्या कुंडीला महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत पुरते.

नत्राची उणीव तीव्र असेल, तर शेंगदाण्याची पेंड पाण्यात तीन-चार दिवस भिजवून, ते पाणी दहापट पातळ करून द्यावे. रासायनिक खत द्यायचे झाल्यास 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात 1 ते 2 ग्रॅम एवढेच घ्यावे आणि पंधरा दिवसांतून एकदा द्यावे. मॅग्नेशियमसाठी मॅग्नेशियम सल्फेट लिटरला 5 ग्रॅम या प्रमाणात पानांवर फवारावे. जस्तासाठी झिंक सल्फेट लिटरला 2 ग्रॅम पुरेसे आहे.

लोहासाठीचा उपाय अधिक तपशिलाने सांगतो, कारण आपल्याकडे त्याचीच गरज अधिक पडते. पिवळ्या पानांना लोहाचे क्षार दिल्यास ती हिरवी होतात, हे फ्रान्समध्ये युसेब ग्री याने 1840च्या दशकात दाखवून दिले. आपल्याकडे खतांच्या दुकानात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, सहज मिळते. ताजे हिराकस फिकट हिरवे असते. तपकिरी-पिवळे पडलेले घेऊ नये, कारण त्यातील लोहाचे झाडाला न उपयोगी पडणाऱ्या रूपात परिवर्तन झालेले असते. प्लास्टिकच्या भांड्यात एक लिटर पाणी घ्यावे, शक्यतो पावसाचे. त्यात प्रथम 1 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवावे आणि मग 3 ग्रॅम, म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडे अधिक, हिराकस घालावे. हे द्रावण लगेच, सायंकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावे. दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या कराव्यात. फरशीवर आणि कपड्यांवर त्याचे डाग पडतात, म्हणून कुंडी बाजूला घ्यावी. हिराकस लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. ते पोटात गेल्यास विषबाधा होते.

जमिनीत केवळ हिराकस टाकल्यास आपल्या चुनखडीयुक्त मातीत ते लवकरच पुन्हा अडकते. म्हणून फवारणी बरी. मातीतूनच द्यायचे असेल, तर चिलेटेड लोह वापरावे. यात लोहाचा कण एका सेंद्रिय रेणूने वेढलेला असतो, त्यामुळे तो चुन्याच्या तावडीत सापडत नाही. पाकिटावर ‘ईडीडीएचए’ असे लिहिलेले पाहून घ्यावे; ‘ईडीटीए’ स्वरूपातील लोह विम्लधर्मी मातीत फार काळ टिकत नाही.

क्षार साचले असतील, तर वरचा पांढरा थर खरवडून काढावा आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट चांगले पाणी हळूहळू ओतून ते तळातून वाहू द्यावे. जून ते सप्टेंबर या काळात छपरावरील पावसाचे पाणी साठवता आले, तर रोपांसाठी त्याहून उत्तम काही नाही.

खत देताना तीन पथ्ये पाळावीत. सुक्या मातीत खत देऊ नये. एप्रिल-मेच्या भर उन्हात किंवा नुकत्याच बदललेल्या कुंडीत देऊ नये. आणि ‘थोडे अधिक दिले तर लवकर वाढेल’ हा मोह टाळावा. अतिखताने पानांची टोके करपतात आणि मुळे जळतात.

उपाय लागू पडला की नाही, हे जुन्या पानांवरून ठरवू नये. करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. नवे पान कसे निघते, ते पाहावे. मुलांसाठी एक प्रयोग सुचवितो. पिवळ्या जास्वंदीच्या एकाच फांदीवर हिराकसाचे द्रावण फवारावे, दुसरी तशीच ठेवावी. आठ-दहा दिवसांत फवारलेल्या पानांवर, जेथे थेंब पडले तेथे, हिरवे ठिपके उमटू लागतात. बाबासाहेबांनी आपल्याला स्वतः पडताळून पाहण्याची जी सवय लावली, तिचा हा एक छोटा पाठ आहे.

शेतातील माती वापरणाऱ्या पालकांनी मृदा परीक्षण अवश्य करून घ्यावे. 19 फेब्रुवारी 2015 पासून सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि लोह-जस्तासह एकूण बारा बाबींची नोंद असते. कळमनुरी तालुक्यातील तोंडापूर येथील कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या दोन संस्था आपल्यापासून दूर नाहीत.

रोपाकडून मुलांकडे

लोहाची उणीव केवळ पानांत नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019–21) देशातील 15 ते 19 वयोगटातील सुमारे 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे. ज्या मुलीला ‘तुझ्या हाताने झाड जळाले’ म्हणून सांगितले जाते, तिच्याच रक्तात बहुधा लोह कमी असते. फिकट पापण्या, चढण चढताना लागणारी धाप, वर्गात येणारी सुस्ती ही तिची पिवळी पाने होत. तिला आळशी म्हणणे सोपे असते. कारण शोधणे कठीण वाटते, पण ते अधिक फलदायी आहे.

येथेही ‘असणे’ आणि ‘मिळणे’ यांतील फरक लागू पडतो. पालेभाज्या व डाळींतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. जेवणात लिंबू किंवा आवळा असला, तर ते अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला, तर कमी. हिराकसाच्या द्रावणात लिंबूसत्त्व घातल्याने लोह विरघळलेले राहते, त्याच स्वरूपाचे काम ताटातील लिंबू आपल्या पोटात करते. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत लोहाचा असाच क्षार, बहुधा फेरस सल्फेट, औषधी शुद्धतेचा असतो. ती गोळी मुलींनी टाळू नये, आणि पालकांनी त्यासाठी आग्रह धरावा, ही विनंती.

आपल्या शाळेत आलेली कित्येक मुले पहिल्या दिवशी अबोल, खुरटलेली वाटत. त्यांच्यात काही उपजत कमी होते म्हणून नव्हे. जे इतरांना सहज मिळत होते, ते त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते म्हणून. पुस्तक, प्रकाश, दोन वेळचे पुरेसे अन्न आणि नावाने हाक मारणारा शिक्षक हे मिळाले, तेव्हा तीच मुले आज डॉक्टर, शिक्षक, परिचारिका, अधिकारी, उत्तम शेतकरी म्हणून उभी आहेत. उपजत हीनतेचा सिद्धांत हा निदानातील आळस होता, हे त्यांनी आपल्या आयुष्याने सिद्ध केले.

म्हणून पुढच्या वेळी घरातील एखादे रोप पिवळे पडेल, तेव्हा ते उपटून फेकू नये. प्रथम बोट मातीत घालून ओल पाहावी. मग पान हातात घेऊन जुने की नवे ते पाहावे, शिरा हिरव्या आहेत की नाहीत ते पाहावे, कुंडीच्या काठावरील पांढरा थर पाहावा. शेजारी लेक उभी असेल, तर ते पान तिच्या हातात द्यावे आणि तिलाच कारण शोधू द्यावे.